पोटाला खाज

आजार कुठला, असं कोणी विचारलं की मी 'पोटाचा' म्हणायचे. मोठ्या आतड्याला सूज असते, तिथे व्रण होतात, दिवसातून आठ-दहा वेळा रक्त पडतं, हे सदाशिव पेठेत चहाचा कप हातात घेऊन सांगण्यासारखं नव्हे. 'पोटाचा' म्हटलं की समोरचा माणूस लगेच ओवा, हिंग आणि एरंडेलाकडे वळतो आणि आपली सुटका होते. माझ्या आईने तर लग्नाच्या वेळी 'पित्ताचा थोडा त्रास आहे' एवढंच पुढे केलं होतं. नवऱ्याला मात्र मी सगळं सांगितलं होतं. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, त्यामुळे लपवालपवी हे आईचं काम होतं, माझं नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

नवरा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होता. आम्हाला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर होतं, समोर एवढासा ओटा आणि शेजारी कान लावून बसलेले. सासूबाई लोणी काळभोरच्या. शेतकरी घर, शिक्षण चौथी. सासरे गेल्यानंतर त्या थोरल्या मुलाकडे गावीच राहायच्या. मला दिवस गेल्याचं कळलं तशा त्या कापडाच्या पिशवीत दोन लुगडी आणि मेतकुटाचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या आणि राहिल्या. मी पेठेतल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. त्या चौथी आणि मी बी.एस्सी. बी.एड., हे मी त्यांना कधी विसरू दिलं नाही. तोंडाने म्हणायची गरज नसते. पुण्याच्या माणसाला भुवईने सगळं म्हणता येतं.

लग्नाआधी दोन वर्षं मी एक गोळी घेत होते. लहान, फिकट पिवळी, दिवसाला दीड. माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्याच आतड्यावर उठली होती, तिला दाबून ठेवणारी ती गोळी. ती सुरू झाली आणि रक्त थांबलं. संडास कुठे आहे हे आधी हेरून न ठेवता घराबाहेर पडता येणं म्हणजे काय, हे ज्याला ते येत नव्हतं त्यालाच कळेल. मी त्या गोळीची ऋणी होते, आणि ऋणी माणूस भांडतो तशी मी तिच्या बाजूने भांडायचे.

दिवस गेल्यावर आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की गोळी चालू ठेवायची. बंद केली आणि आजार उसळला तर बाळाला त्याचाच धोका जास्त. लिव्हरचं रक्त मात्र दर महिन्याला तपासायचं, कारण ही गोळी क्वचित लिव्हरवर जाते आणि गरोदरपणात लिव्हर तसंही नाजूक असतं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "तळहात, तळपाय खाजायला लागले, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही." मी मान हलवली. वर्गात मुलं हलवतात तशी.

घरी येऊन मी सासूबाईंना फक्त पहिला अर्धा भाग सांगितला. गोळी चालू ठेवायची आहे, असं. त्यांना ते पटलं नाही. "गरवार बाईनं असल्या गोळ्या खायाच्या नसत्यात," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. दोन दिवसांनी गोळ्यांचं पाकीट जागेवर नव्हतं. शोधलं तर तांदळाच्या डब्यात तळाशी सापडलं. माझा तोल सुटला. मी म्हणाले, "तुमच्या अडाणीपणापायी मी माझं आतडं फुटू देणार नाही. माझ्या बाळाचं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं." ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. नवरा खाली मान घालून बुटाची लेस बांधत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण झालं की सासूबाई स्वतः गोळी आणून द्यायच्या. एक अख्खी, एक अर्धी, तळहातावर ठेवलेली, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी घोट घेईपर्यंत उभ्या राहायच्या. त्यांनी पडती बाजू घेतली होती. मला मात्र ती घेतलेली पुरेशी वाटत नव्हती, मला ती दर महिन्याला पुन्हा घेतलेली हवी होती. तपासणीचा कागद आला की मी त्यांच्यासमोर बसून बोटाने एकेक ओळ दाखवत वाचायचे. नॉर्मल. नॉर्मल. हेही नॉर्मल. त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्या "बरं हाय, बरं हाय" म्हणत मान डोलवायच्या आणि मला वाटायचं, जिरवली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आठव्यात मी रजा घेतली. आठवा संपत आला तेव्हा एका दुपारी कणीक मळून हात धुतले आणि तळहात खाजायला लागले. पुरळ नाही, लाली नाही, नुसती आतून येणारी खाज. संध्याकाळपर्यंत तळपायही सुरू झाले. न्हाणीच्या दारात काथ्याचं पायपुसणं होतं, त्याच्यावर मी पाय घासत उभी राहिले, आणि त्या उभं राहण्यातच मला कळलं की हे काय आहे.

इथे मला नेमकं लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी ते गोलगोल सांगत आले आहे. मला संशय आला असं नव्हे. मला कळलं होतं. डॉक्टरांचा चष्मा काढलेला चेहरासुद्धा आठवला होता. त्याच वेळी दुसरा एक चेहरा दिसला, सासूबाईंचा. रक्त तपासायला गेले तर कागदावर काहीतरी वाढलेलं येणार, डॉक्टर गोळीवर बोट ठेवणार, गोळी बंद होणार, आणि घरात चौथी शिकलेली बाई बरोबर ठरणार. त्या मला बोलल्या नसत्या. तेच मला नको होतं. त्यांनी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि त्यांच्या दुसऱ्या तळहातावर काही नसावं, हे दृश्य मला सहन होणार नव्हतं. पोटातल्या बाळाच्या आधी मला ते दृश्य दिसलं, याची लाज मला तेव्हा वाटली नाही. आता वाटते, पण आताच्या लाजेला कोण विचारतो.

मग मी कारणं शोधली. उन्हाळा होता. धुण्याची पावडर नवीन होती. आठव्या महिन्यात कातडी ताणते, असं पुस्तकात होतंच. मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे स्वतःला फसवायलाही मला शास्त्रीय कारणं लागत. त्या महिन्याची रक्ततपासणी व्हायची होती. नवऱ्याला सांगितलं की लॅबवाला गावाला गेलाय, पुढच्या आठवड्यात बघू. त्याने विश्वास ठेवला. तो नेहमीच ठेवायचा, हा त्याचा एक दोषच होता.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी मला खाजवताना पाहिलं. मी हात चटकन पदराखाली घेतला.

"कुटं खाजतंय गं?" त्यांनी विचारलं.

"पोटाला," मी म्हणाले.

का म्हणाले? कारण हात म्हटलं असतं तर त्यांनी हात धरून उजेडात नेला असता. आणि पोट हे माझं जुनं, सवयीचं उत्तर होतं, कुठल्याही प्रश्नावर चालणारं. पण त्या उत्तराचं त्यांच्याकडे काय होईल हे मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पोटाला खाज म्हंजी जावळ! लई दाट जावळ हाय बग बाळाला." आमच्याकडेही हे म्हणतात, आईच्या तोंडून मी लहानपणी ऐकलं होतं. पोट खाजलं की बाळाच्या डोक्यावर केस भरपूर. अर्ध्या तासात सगळ्या क्वार्टरांच्या रांगेला कळलं की आमच्याकडे जावळवालं बाळ येणार. कोणी विचारायचं, मुलगा की मुलगी, तर सासूबाई म्हणायच्या, काय बी असू दे, केस मापून घ्या.

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी खोबरेल कोमट करायच्या, त्यात कापूर चुरायच्या, मला खाटेवर आडवं करायच्या आणि पोटाला तेल लावायच्या. त्यांचे हात खुरप्याने आणि विळ्याने घट्टे पडलेले, पण पोटावरून फिरायचे ते इतके हलके की मला डोळे मिटावेसे वाटायचे. आयुष्यात मला कोणी इतक्या हळुवार हाताने शिवलं नसेल. त्या बाळाशी बोलायच्या, त्याला गावच्या विहिरीचं, म्हशीचं काय काय सांगायच्या. आणि चादरीखाली माझे तळपाय पेटलेले असायचे. मी एका पायाचं नख दुसऱ्या तळव्यावर ओढत त्या गोष्टी ऐकायचे.

एक दिवस त्या म्हणाल्या, "पाय बी चोळून देऊ का? सुजल्यात तुजे." त्यांचा हात घोट्यापर्यंत आलासुद्धा होता. मी पाय आखडून चादरीत ओढून घेतले आणि "नको" म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले. त्यांनी तेलाची वाटी उचलली. एवढंच झालं. माझ्या आयुष्यात कुठलं एक मिनिट परत मागून मिळणार असेल तर मी ते मागेन, लग्नाचं नव्हे, नोकरीचं नव्हे.

मधे बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे ठरलेली खेप झाली. त्यांनी ठोके ऐकले, वजन घेतलं, काही त्रास आहे का विचारलं. मी नाही म्हणाले. बाईंच्या खोलीबाहेर पन्नास पोटं रांगेत बसली होती, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ठोके छान आहेत, हे मी प्रमाणपत्रासारखं घरी घेऊन आले. लघवी तोवर कोऱ्या चहासारखी झाली होती.

खाज सुरू झाल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी बाळ हललं नाही. मी साखरपाणी प्यायले, डाव्या कुशीवर निजले, पोटावर थापट्या मारल्या. सासूबाईंनी हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग त्या चपला न घालताच चौकात गेल्या आणि रिक्षा घेऊन आल्या. नवरा कामावर होता. रिक्षात त्या माझं डोकं खांद्यावर घेऊन बसल्या होत्या.

दवाखान्यात सोनोग्राफीच्या डॉक्टरने पडदा स्वतःकडे वळवला, तेव्हा विचारायचं काही उरलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी बघायला माझा हात घेतला, उलटा केला आणि तसाच धरून ठेवला. तळहातावर ओरखड्यांच्या रेघा होत्या. त्यांनी चादर वर करून पाय पाहिले. मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मी छताकडे बघत होते. उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या, पायांत चपला नव्हत्या. "पोटाला खाज हाय म्हनली हुती ती. मीच म्हनलं, जावळ असंल."

बाई त्यांच्यावर उखडल्या. म्हणाल्या, आजी, ही खाज जावळाची नाही, लिव्हरची आहे. लिव्हरमधलं पित्त रक्तात उतरतं, बाईचं अंग खाजतं आणि बाळाचे ठोके अचानक बंद पडतात. जावळ जावळ करत घरी बसवलंत तिला. दोन आठवडे आधी आणलं असतं तर बाळ बाहेर काढता आलं असतं. तुम्हा लोकांना सांगून सांगून आम्ही हात टेकले. हे सगळं त्या माझ्या खाटेपासून दोन हातांवर बोलत होत्या. 'तुम्हा लोकांना' हा शब्दही मला नीट ऐकू आला. तो मीसुद्धा वापरत असे.

मला एकच वाक्य म्हणायचं होतं. यांना मी खोटं सांगितलं, मला माहीत होतं. एवढंच. तोंड कोरडं पडलं होतं, पण आवाज गेला नव्हता, कारण थोड्या वेळाने मी नर्सकडे पाणी मागितलं आणि ते तिला व्यवस्थित ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाने कळा आणून मुलगा बाहेर काढला. केस खरंच खूप होते, काळे, कपाळावर आलेले. मी पाहिले, आणि सासूबाईंनीही पाहिले. त्या भिंतीला पाठ लावून खाली खाली सरकत फरशीवर बसल्या आणि डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला.

पोटाचे डॉक्टर नंतर पाहायला आले. त्यांनी गोळी लगेच थांबवली, आणि तीन आठवड्यांत लिव्हरचे सगळे आकडे उतरले. ते आकडे घेऊन आम्ही त्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा ते म्हणाले की बाळंतपणानंतर आकडे तसेही उतरतात, पण यात गोळीचा हात असावा. काही थोड्या बायकांत या गोळीमुळे गरोदरपणी पित्त असं अडतं, असं आता दिसू लागलंय, पण छातीठोक कोणी सांगत नाही. गोळी चालू ठेवा म्हटलं ते चूक नव्हतं, खाज सुटल्यावर न येणं चूक झालं. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, "मी तुम्हाला खाजेबद्दल सांगितलं होतं ना?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर पुढचं लिहायला घेतलं. त्यांना आठवत होतं आणि मलाही आठवत होतं, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं.

गोळीबद्दल ते जे म्हणाले ते मी घरी सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, लिव्हरमुळे गोळी बदलली. म्हणजे सासूबाई दोन्हीकडून फसल्या. ज्यात त्यांची चूक नव्हती ती चूक त्यांच्या नावावर लागली, आणि ज्यात त्या बरोबर होत्या ते त्यांना कधी कळलंच नाही. इतकी सफाई मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात साधलेली नाही.

पुढे मला पुन्हा दिवस गेले नाहीत. गोळी बंद झाल्यावर आजार उसळला, मग मोठं आतडंच काढावं लागलं, आणि त्या सगळ्यात ते वय निघून गेलं. नवऱ्याने कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आईला विचाराल तर ती अजून म्हणते, सासूने घात केला, अडाणी बाई. मी तिला गप्प करत नाही. शाळेत मी नववीला यकृत शिकवत राहिले. शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, पित्तरस तयार करते, दोन गुण.

सासूबाई गावी परत गेल्या नाहीत. माझ्याजवळ राहिल्या, माझं दुखणं काढलं, माझी घाणसुद्धा काढली. बाळंतपणाच्या विषयावर मात्र त्या बोलेनाशा झाल्या. ज्यांना रांगेतल्या बायका डिंकाचे लाडू आणि बाळगुटी विचारायला यायच्या, त्या "मला काय ठावं न्हाई बाई, डॉक्टरला इचारा" म्हणून उठून आत जायच्या. एकदा शेजारच्या मुलीने, दिवस गेलेल्या, सहज म्हटलं की अंग खाजतंय. सासूबाई तिला हाताला धरून तडक दवाखान्यात घेऊन गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, हिचं लिवर बघा. घामोळं निघालं. ते बरेच दिवस हसण्याचा विषय झालं. मीही हसले होते थोडं, शेजाऱ्यांसमोर वेगळं दिसू नये म्हणून.

नवऱ्याची नोकरी संपल्यावर क्वार्टर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. तिथे दोन वर्षांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या. डोकं शाबूत होतं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात धरला, तळहात वर केला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"माज्या हातनं झालं, पोरी," त्या म्हणाल्या. "तू पोटाला म्हनलीस, मी हात-पाय बगाया पायजे हुतं. मला माफ कर."

म्हणजे त्यांच्या मनात इतकी वर्षं हे होतं. मी खोटं बोलले असेन, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपण नीट पाहिलं नाही, हा त्यांचा गुन्हा होता. नवरा बाजारात गेला होता. घरात आम्ही दोघीच होतो, शेजारी ऐकतील असा ओटाही नव्हता. यापेक्षा चांगली वेळ मला कुणी आणून देणार नव्हतं. वाक्य तयार होतं, दवाखान्याच्या खाटेवर होतं तेच, मी ते मनात कितीदा म्हटलं असेल.

मी चमचा वाटीत ठेवला, त्यांच्या तोंडाच्या कडेची पेज पुसली आणि म्हणाले, "केलं माफ."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल पडला. त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या, आणि शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीवर होत्या. मी अकराही दिवस घरातच होते.